पादोवा ते नेपल्स: विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारा, चित्रांचा आणि जेवणाचा इटली प्रवास

इटलीचा प्रवास बरेच जण रोमपासून सुरू करतात आणि मग जमेल तसं इकडेतिकडे फिरतात. चित्रं आणि जेवण या दोन गोष्टींसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला माझा सल्ला वेगळा आहे. उत्तरेला पादोवात उतरा आणि सरळ खाली नेपल्सपर्यंत जा. या वाटेनं गेलात तर युरोपच्या चित्रकलेची तीनशे वर्षं क्रमानं समोर येतात. पादोवात जॉत्तोनं १३०५च्या सुमारास रंगवलेल्या भिंती, फ्लॉरेन्सला पंधरावं शतक, रोमला मायकेलअँजेलो, राफाएल आणि कारावाज्जो, आणि शेवटी नेपल्सला कारावाज्जोचंच १६०७ सालचं चित्र. आधीचं पाहिलेलं पुढचं समजावून देतं, त्यामुळे कलेचा इतिहास न शिकलेल्यालाही काय बदलत गेलं ते डोळ्यांनी दिसतं. जेवणही याच वाटेनं बदलतं: उत्तरेचं लोणी आणि अंड्याचा ताजा पास्ता मागे पडतो, ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि कोरडा पास्ता पुढे येतो. आणि नेपल्सला पोचेपर्यंत जेवण बरंच स्वस्त झालेलं असतं. पैसे संपत आलेल्या विद्यार्थ्याला हाच क्रम सोयीचा.

कधी जायचं, किती दिवस

दोन आठवडे असतील तर उत्तम. पादोवा दोन रात्री, बोलोन्या दोन, फ्लॉरेन्स चार, रोम चार, नेपल्स दोन. दहाच दिवस असतील तर प्रत्येक गावातला एक दिवस कापण्यापेक्षा एक गाव पूर्ण सोडा. रोज सकाळी बॅग भरण्यात जो वेळ जातो, त्यात एक आख्खं चर्च नीट पाहून होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने निवडा. गर्दी कमी, हॉस्टेलचे दर खाली आणि उन्हाचा त्रास नाही. जुलै-ऑगस्ट टाळाच. १५ ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते आणि तिच्या आगेमागे घरगुती खानावळी सर्रास बंद असतात, म्हणजे जे खायला आलात तेच मिळत नाही.

कागदपत्रं

जर्मनी, फ्रान्स किंवा दुसऱ्या शेंगेन देशात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकात) शिकत असाल आणि तिथला निवास परवाना हातात असेल, तर इटलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड सोबत ठेवून १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्याचं शुल्क ९० युरो असून अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. एकापेक्षा जास्त शेंगेन देश फिरणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ज देण्याची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून ती सर्वांत आधी घ्या.

आधी काढायची तिकिटं

पाच जागा अशा आहेत, की तिथं ऐनवेळी गेलात तर बहुधा परत फिरावं लागतं: पादोवाचं स्क्रोवेन्यी चॅपेल (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर), फ्लॉरेन्सचं ब्रांकाच्ची चॅपेल, रोमची बोर्गेझे गॅलरी, व्हॅटिकनची संग्रहालयं आणि नेपल्सचं सान्सेव्हेरो चॅपेल. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी आणि अकादेमिया या गॅलऱ्यांचीही तिकिटं आधी काढलीत तर रांगेतले दोन-तीन तास वाचतात. वाटेत मिलान घेऊन लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' पाहायचं असेल तर त्याचं आरक्षण याहूनही आधी करावं लागतं. तिथं प्रत्येक गटाला पंधराच मिनिटं मिळतात.

तिकिटं संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोध घेताना सगळ्यात वर दिसणारी संकेतस्थळं पुष्कळदा दलालांची असतात आणि तेच तिकीट दीडपट-दुप्पट दरानं विकतात.

सवलतींबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ ते २५ वयोगटाला दोन युरोंत प्रवेश असतो, पण ही सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर केवळ विद्यार्थी असल्यामुळे ती मिळत नाही. मात्र युरोपीय संघातल्या विद्यापीठात वास्तुकला, पुरातत्त्व किंवा कलेतिहास शिकत असाल तर चालू वर्षाच्या प्रवेशाचं पत्र जवळ बाळगा. त्यावर सरकारी संग्रहालयांत मोफत सोडण्याची तरतूद आहे. व्हॅटिकन हे वेगळं राज्य असल्यानं तिथले नियम वेगळे. पंचविशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना तिथं ओळखपत्र दाखवून सवलतीचं तिकीट मिळतं. बाकी सगळ्यांसाठी मोठा आधार म्हणजे महिन्याचा पहिला रविवार: त्या दिवशी सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वस्थळं मोफत असतात. प्रवासात तो रविवार येत असेल तर तो नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी ठेवा. उफ्फिझीत त्या दिवशी इतकी गर्दी होते, की पैसे वाचले तरी चित्र दिसत नाही.

रेल्वे

इटलीत वेगवान गाड्या दोन कंपन्या चालवतात, त्रेनइतालिया आणि इतालो. त्यांचे दर विमानासारखे चढत जातात, म्हणून तारखा ठरल्या की तिकीट काढून टाका. 'रेजोनाले' या प्रादेशिक गाड्यांचा दर मात्र ठरलेला असतो. तिकीट महिनाभर आधी काढा नाहीतर पाच मिनिटं आधी, पैसे तेवढेच.

माझा हिशोब असा: पादोवा-बोलोन्या आणि बोलोन्या-रावेन्ना प्रादेशिक गाडीनं, फ्लॉरेन्स-रोम मात्र वेगवान गाडीनं, कारण तिथं दीड तास आणि साडेतीन-चार तास इतका फरक पडतो. रोम-नेपल्स वेगवान गाडीनं सव्वा तासाच्या आत होतं; स्वस्त तिकीट मिळालं तर घ्या, नाहीतर किनाऱ्यानं जाणारी प्रादेशिक गाडीही छान आहे.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि मोबाइलवरच्या तिकिटाचं गाडीत चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. हे विसरलात तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडल्या जातात. परतीचं विमान ज्या दिवशी, त्याच दिवशी लांबचा रेल्वेप्रवास ठेवू नका.

खाण्याचे नियम आणि शाकाहाऱ्यांसाठी शब्द

कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्या. तीच एस्प्रेसो उभ्यानं सव्वा-दीड युरोला मिळते आणि टेबलावर बसलात की दाम दुप्पट-तिप्पट होतो. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर ठेवायची असते. खानावळीत बसलात तर बिलात माणशी दीड ते तीन युरो 'कोपेर्तो' म्हणजे बसून जेवण्याचा आकार म्हणून लागतात. ती फसवणूक नाही, मेन्यूवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. टिप द्यायलाच हवी असं नाही. मोठ्या चौकाला लागून असलेली, बाहेर जेवणाचे फोटो लावलेली जागा सोडून दोन गल्ल्या आत शिरा. दुपारचं जेवण बाजारातल्या गाळ्यावर आणि रात्रीचं खानावळीत, किंवा उलट. दोन्ही वेळा बसून जेवलात तर अंदाजपत्रक कोलमडेल.

शाकाहारी असाल तर 'सोनो वेजेतारियानो' (मुलगी असेल तर 'वेजेतारियाना') एवढ्यावर थांबू नका, 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' हेही सांगा: मांस नको, मासे नकोत. शिवाय हे शब्द पाठ करा: 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी, ती काही पाव आणि मिठायांत असते, 'ब्रोदो' म्हणजे बहुधा मांसाचा रस्सा, 'आच्च्युगे' म्हणजे खारवलेले बारीक मासे, ते सॅलडमध्येही सापडतात, 'ग्वान्चाले' हे डुकराच्या गालाचं मांस, कार्बोनारा पास्त्यात असतंच. गोमांस न खाणाऱ्यांनी 'मान्झो' आणि 'वितेल्लो' ओळखावं. बोलोन्याच्या प्रसिद्ध रागू सॉसमध्ये गोमांस असतं. पार्मिजानो आणि पेकोरिनो ही चीजं जनावराच्या पोटातल्या विरजणानं लावतात. कडक शाकाहाऱ्यांनी हे आधीच जाणून ठरवावं. अंडं चालत नसेल तर कोरडा पास्ता मागा, तो रवा आणि पाण्याचाच असतो. ताज्या पास्त्यात उत्तरेकडे अंडं असतं.

पादोवा: जिथून पाहायला सुरुवात करायची

स्क्रोवेन्यी चॅपेल बाहेरून साधी विटांची इमारत आहे. आत जाण्याआधी पंधरा मिनिटं एका काचेच्या खोलीत बसवतात, म्हणजे बाहेरची दमट हवा भिंतींपर्यंत पोचत नाही. मग आत साधारण पंधरा मिनिटं. एवढ्याशा वेळात सगळी चित्रं पाहायचा प्रयत्न करू नका. पहिली दोन मिनिटं फक्त निळं, चांदण्यांनी भरलेलं छत पाहा. मग येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक दाखवणाऱ्या चित्रासमोर उभे राहा. पाठमोऱ्या बसलेल्या दोन बायका बघा, ज्यांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत. आणि वर आकाशात आक्रोश करणारे देवदूत. त्याआधीच्या चित्रांत सोनेरी पार्श्वभूमीवर स्थिर उभे असलेले संत असत. इथं शरीराला वजन आहे, दुःखाला दिशा आहे. पुढचा आख्खा प्रवास याच पंधरा मिनिटांच्या पायावर उभा राहतो, म्हणून तिथं मोबाइल खिशातच ठेवा.

पादोवाचं विद्यापीठ १२२२ सालचं. गॅलिलिओनं इथं १५९२ ते १६१० शिकवलं. गावात आजही विद्यार्थ्यांचंच राज्य आहे. एखाद्या दिवशी डोक्यावर तमालपत्रांचा मुकुट घातलेला नवा पदवीधर आणि त्याच्याभोवती गाणारी मित्रमंडळी दिसली तर थांबून बघा. संध्याकाळी पियात्सा देल्ले एर्बे चौकात स्प्रित्झचा पेला घेऊन सगळे उभे असतात. मद्य नको असेल तर कडवट-गोड नारिंगी 'क्रोदिनो' किंवा लाल 'सानबित्तेर' मागा. पोटासाठी त्रिकोणी त्रामेत्सीनो सँडविच घ्या, त्यात भाज्यांचे प्रकार भरपूर असतात.

व्हेनिस इथून रेल्वेनं अर्ध्या तासावर आहे. तिथं मुक्काम महाग, म्हणून पादोवातच राहून एक दिवस जाऊन या आणि फ्रारी चर्चमधलं तित्सियानोचं भव्य वेदीचित्र नक्की पाहा. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी एक दिवसासाठी येणाऱ्यांना शहरात शिरायला शुल्क लागतं, ते आधी तपासा.

बोलोन्या आणि रावेन्ना

बोलोन्यात सांता मारिया देल्ला वीता या चर्चमध्ये जा. निकोलो देल्लार्का यानं पंधराव्या शतकात भाजलेल्या मातीतून घडवलेला शोकसमूह तिथं आहे. विषय पादोवातलाच, येशूचा मृतदेह आणि रडणारी माणसं. पण इथल्या बायका अक्षरशः धावत येताना किंचाळतायत, पदर वाऱ्यावर मागे उडालाय. दोन दिवसांपूर्वी जॉत्तो पाहिला असेल तर हे शिल्प पाहताना अंगावर काटा येतो.

रावेन्नाला एक दिवस जाऊन या. इथली मोझेक चित्रं पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे आपल्या क्रमाच्या कितीतरी आधीची. सान व्हिताले चर्चमधले सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा पाहिले की जॉत्तोनं नेमकं कशापासून फारकत घेतली ते समजतं. एकाच तिकिटावर मुख्य वास्तू पाहता येतात. जेवायला बोलोन्यात रिकोत्ता चीज आणि पालेभाजीनं भरलेले तोर्तेल्लोनी मागा. त्यांचे धाकटे भाऊबंद तोर्तेल्लीनी, त्यात डुकराचं मांस असतं. दोन नावांत गल्लत करू नका.

फ्लॉरेन्स: चार दिवस कमीच पडतात

पहिल्या सकाळी सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मासाच्चोचं 'त्रिमूर्ती' हे भित्तिचित्र पाहा, साधारण १४२७ सालचं. सपाट भिंतीत खोल कमान आहे असं वाटतं. रेखीव यथादर्शनाचं (पर्स्पेक्टिव्हचं) हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. खाली एक सांगाडा आणि त्यावर लेख: मी होतो तसा तू आहेस, मी आहे तसा तू होशील. मासाच्चो सत्तावीस पुरे होण्याआधीच वारला. विशीतल्या विद्यार्थ्यानं त्याच्यासाठी एक आख्खी सकाळ द्यावी, आणि मग नदीपलीकडच्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये स्वर्गातून हाकललेले त्याचे आदम आणि हव्वा पाहावेत.

दुसरी सकाळ सान मार्को मठाची. फ्रा आंजेलिकोनं इथं साधूंच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढलंय, रोज समोर ठेवून ध्यान करण्यासाठी. मठ दुपारी लवकर बंद होतो, म्हणून उघडताच पोचा. तिथून चालत अकादेमिया. डेव्हिडच्या पुतळ्याकडे धावण्याआधी वाटेतले मायकेलअँजेलोचे अर्धवट घडवलेले कैदी पाहा: दगडातून शरीर बाहेर पडतंय, छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत. डेव्हिड पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ मधला, दुसऱ्या शिल्पकारांनी टाकून दिलेल्या दगडातून काढलेला.

उफ्फिझी सोमवारी बंद. आत सुरुवातीलाच चिमाबुए, दुच्चो आणि जॉत्तो यांच्या तीन भव्य मेरी एका दालनात आहेत. तिघींचे गुडघे बघा! जॉत्तोच्या मेरीच्या वस्त्राखाली गुडघे जाणवतात, ती खरोखर बसलेली आहे. मग बोत्तिचेल्ली, मग गच्चीवर विश्रांती, मग कारावाज्जोचा मेड्युसा. सगळी दालनं पाहायचा हट्ट धरू नका. दहा चित्रं नीट पाहा.

मराठी माणसानं फ्लॉरेन्समध्ये आणखी दोन ठिकाणी जायला हवं असं मला मनापासून वाटतं. पहिलं कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथं वारले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीनं त्यांचं दहन करायला नगरपालिकेनं परवानगी दिली. तिथं छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलालाही 'भारतीया'चंच नाव आहे. दुसरं ठिकाण अकादेमियाजवळचं, रंगीत दगडांच्या जडावकामाचं छोटं संग्रहालय. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालचा जो संगमरवरी चौथरा आहे, तो फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचा तिसरा कोझिमो यानं भेट दिला आणि फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकारानं घडवला. १६९८मध्ये तो गोव्यात बसवला गेला. गोवा पाहिलेल्यांना ती कारागिरी इथं ओळखीची वाटेल.

खायला रिबोल्लीता, म्हणजे शिळा पाव, वाल आणि काळी कोबी यांचं दाट सूप. पापा अल पोमोदोरोही तसंच, टोमॅटोचं. दोन्ही बहुधा शाकाहारी, तरी विचारा. पाव अळणी असतो, ती इथली रीतच आहे. मांसाहाऱ्यांनी गाड्यावरचा लांप्रेदोत्तो खाण्याआधी जाणून घ्यावं, की ते गाईच्या पोटाचं मांस आहे. पिसाकडे गेलात तर 'चेचीना' मिळते: हरभऱ्याच्या पिठाची, ऑलिव्ह तेलात भट्टीत भाजलेली, आपल्या बेसनाच्या धिरड्याची थेट बहीण.

रोम: एक युरोची नाणी जमवा

रोममधली कितीतरी श्रेष्ठ चित्रं चर्चमध्ये आहेत आणि मोफत आहेत. ती जिथं लावण्यासाठी काढली, तिथंच आजही आहेत, म्हणून मी त्यांना संग्रहालयांपेक्षा वरचं मानतो. सान लुइजी देई फ्रान्चेझीमध्ये कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं. शेजारच्या यंत्रात नाणं टाकलं की दिवा लागतो. डाव्या भिंतीवरच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो, म्हणजे वेदीवरच्या खऱ्या खिडकीच्या बाजूनं. जागेवर उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही. तिथून तीन मिनिटांवर सांताग्वोस्तिनोमध्ये मेरीपुढे गुडघे टेकलेले यात्रेकरू, त्यांचे मळलेले तळवे थेट आपल्या डोळ्यांसमोर. मग वीस मिनिटं चालत सांता मारिया देल पोपोलो, तिथं कारावाज्जोचीच आणखी दोन. सान पिएत्रो इन व्हिन्कोलीत मायकेलअँजेलोचा मोझेस, सेंट पीटर्समध्ये त्याचीच 'पिएता', म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी. यांपैकी कशालाही तिकीट नाही. बहुतेक चर्च दुपारी दोन-तीन तास बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

व्हॅटिकनमध्ये सिस्टीन चॅपेलच्या आधी राफाएलची दालनं लागतात, ती घाईत ओलांडू नका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण रांग फार मोठी. पँथेऑन या प्राचीन रोमन मंदिराला २०२३पासून पाच युरो लागतात. बोर्गेझेत दोन तासांची वेळ ठरलेली; थेट बर्निनीच्या 'अपोलो आणि डाफ्नी' या शिल्पापाशी जा आणि भोवती फिरा, बोटांची पानं होताना दिसतात.

दुपारी पिझ्झा 'अल ताल्यो' घ्या: तुकडा कात्रीनं कापून वजनावर देतात, 'उन एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम. बटाटा-रोझमेरीचा पिझ्झा शाकाहाऱ्यांना उत्तम. हिवाळ्याच्या शेवटी ज्यू वस्तीतला अख्खा तळलेला आर्टिचोक चुकवू नका. रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याचं आहे, बाटली विकत घेऊ नका.

नेपल्स

पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया या छोट्या चर्चमध्ये कारावाज्जोचं 'दयेची सात कृत्यं' आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मृताला मूठमाती, सगळं एकाच अंधाऱ्या गल्लीत एकाच वेळी चाललंय. बाहेर पडलात की तीच गल्ली! पादोवातल्या निळ्या छतापासून इथवरचं अंतर त्या क्षणी कळतं. जवळच सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये १७५३चा 'झाकलेला ख्रिस्त' आहे; संगमरवराचं वस्त्र इतकं तलम, की त्याखालच्या शिरा दिसतात. त्याचं तिकीट आधीच काढावं लागतं. पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईला चिर्कुमवेझुव्हियाना गाडीनं जा, 'पाँपेई स्काव्ही' स्थानकावर उतरा आणि गाडीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. आधी अवशेष, मग संग्रहालय की उलट? मी आधी संग्रहालय म्हणेन, कारण तिथली, पाँपेईहूनच आणलेली चित्रं आणि अलेक्झांडरचं मोझेक डोळ्यांत असलं की पाँपेईतल्या रिकाम्या भिंती भरून दिसतात.

पिझ्झा दोनच प्रकारचा खा, मार्गेरिता आणि मरिनारा. मरिनारात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीज नाही आणि मासेही नाहीत. फिरताना चार घड्या घालून कागदात दिलेला 'पोर्ताफोल्यो' घ्या, दोन-अडीच युरोंत पोट भरतं. स्फोल्यातेल्ला गरम असतानाच खावी; पापुद्र्याच्या 'रिच्च्या'त चरबी असते, म्हणून शाकाहाऱ्यांनी साधी 'फ्रोल्ला' मागताना तीही विचारून घ्यावी. विमानतळाची अलीबस गारिबाल्दी चौकातल्या रेल्वे स्थानकापासून सुटते. रस्त्यावर वाहनांची गर्दी फार, त्यामुळे उड्डाणाच्या तीन तास आधी बसच्या थांब्यावर असा.